एन स्केलच्या घाटात डबे पुन्हा पुन्हा त्याच जागी उतरतात, इंजिन चढत नाही: नेमकं कुठे बघायचं

सपाटीवर मॉडेल रेल्वेची गाडी तासन्‌तास बिनबोभाट फिरते. घाट लागला की तिसऱ्या-चौथ्या फेरीला एखाद्या डब्याचं चाक रुळावरून उतरतं, इंजिन जागीच चाकं फिरवत राहतं, नाहीतर कपलर (दोन डबे जोडणारा हूक) सुटून मागचा अर्धा रेक उतारावरून मागे घरंगळतो. चाकं साफ केली, रूळ पुसला, डबा बदलला की दोन दिवस ठीक चालतं. मग पुन्हा तेच, आणि त्याच वीतभर जागेत.

एन स्केलच्या (मॉडेलचं प्रमाण १:१६०, दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी) डोंगरी लेआउटवरची (रुळांच्या मांडणीवरची) ही नेहमीची तक्रार आहे. ती परत परत येते, कारण दुरुस्ती चाकावर होते आणि दोष रुळाखालच्या पायात असतो. बहुतेक ठिकाणी चढाची सुरुवात, वळणाची सुरुवात आणि रुळाचा सांधा या तिन्ही गोष्टी एकाच जागी येऊन पडलेल्या असतात. त्यांना एकमेकांपासून वेगळं केल्याशिवाय ही तक्रार जात नाही. झेड स्केलवर (१:२२०, ६.५ मिमी) काम करणाऱ्यांनाही पुढचं सगळं लागू आहे, फक्त चुकायला जागा आणखी कमी.

आधी दोष जागेचा, डब्याचा की गाडीच्या जुळणीचा, हे ठरवा

हे न ठरवता रूळ उचकटायला घेऊ नका. चाचणी सोपी आहे. जिथे गाडी उतरते तिथे रुळाच्या कडेला मास्किंग टेपचा तुकडा लावा. प्रत्येक वेळी पहिलं उतरलेलं चाक कोणतं, ते कोणत्या रुळावरून आणि कोणत्या बाजूला गेलं, गाडी वर जात होती की खाली, हे टेपवर पेन्सिलने लिहा. सात-आठ नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होतं.

- वेगवेगळे डबे एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळाचा.
- एकच डबा वेगवेगळ्या जागी उतरत असेल तर दोष डब्याचा: चाकांमधलं अंतर, घट्ट बोगी किंवा कमी वजन.
- तोच डबा इंजिनालगत जोडल्यावर उतरतो आणि शेवटी जोडल्यावर उतरत नाही, तर दोष जुळणीचा. वळणावर मागच्या डब्यांचं ओझं त्याला आतल्या बाजूला खेचतं.
- वर जाताना ठीक, पण खाली येताना उतरतो, तर मागचे डबे पुढच्यांना ढकलत असतात. कपलर आणि बोगी बघा.

डब्याचा दोष असेल तर निवारण लवकर होतं. एनएमआरएच्या (अमेरिकेतली मॉडेल रेल्वे संघटना) मापकात चाकं बसवून बघा. दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त असेल तर एक चाक हलकेच पिळत आसावर सरकवा. बोगी (इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा) दोन्ही टोकांना सारखीच घट्ट असेल तर डबा रुळाच्या पिळाशी जुळवून घेत नाही. एका बोगीचा स्क्रू असा ठेवा की ती वळेल पण डुलणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल करा म्हणजे ती थोडी डुलेल. पिनवर बसणाऱ्या बोगीत हेच काम पिन किंचित बाहेर ठेवून करता येतं.

वजनासाठी एनएमआरएची आरपी-२०.१ ही शिफारस आहे: एन स्केलला मुळात अर्धा औंस, अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस. मेट्रिकमध्ये साधारण १४ ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला १.७ ग्रॅम. म्हणजे १० सेंमी लांबीच्या डब्याला सुमारे ३१ ग्रॅम. यापेक्षा हलका डबा गाडीच्या पुढच्या भागात चालवू नका. घाटात मुद्दाम जास्त वजनही भरू नका, ते सगळं इंजिनाला वर ओढायचं असतं.

डबा निर्दोष ठरला तर खाली रुळाकडे वळा.

घाटाचा पायथा आणि माथा

सर्वांत जास्त गाड्या इथेच अडतात. सपाट फळीला चढाची फळी नुसती टेकवली की जोडावर एक कोन तयार होतो. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, चाकांना चांगलाच जाणवतो. तीन टक्क्यांचा चढ असा एकदम सुरू झाला आणि पहिल्या आणि शेवटच्या ताठ चाकांमध्ये ४० मिमी अंतर असलेलं वाफेचं इंजिन त्यावर आलं, तर त्याची मधली चाकं रुळापासून ०.३ मिमी वर उचलली जातात. लो-प्रोफाइल चाकाच्या फ्लॅन्जची (चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड) खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त आधार तिथेच संपला. त्यात बाजूला ढकलणारं वळण असेल तर उरलेलाही जातो. माथ्यावर याच्या उलट होतं: मधली चाकं टेकतात आणि पुढची चाकं अधांतरी राहतात. सहा आसांच्या डिझेल इंजिनाच्या तीन आसी बोगीतही हेच घडतं, फक्त थोडं कमी.

कपलर सुटतात तेही याच कोनामुळे. बोगीच्या पुढे डब्याचं २० मिमी टोक लोंबत असेल, तर तीन टक्क्यांच्या कोनावर शेजारच्या दोन कपलरांच्या उंचीत ०.६ मिमी फरक पडतो. त्यात कपलर मुळातच थोडा वाकलेला असला की तो सुटलाच. पायथ्याशी आणखी एक प्रकार होतो. इंजिनाचं नाक रुळाच्या जवळ येतं, आणि कपलरखालची चुंबकीय तार पॉइंटच्या (रूळ फुटतात ती जागा) किंवा सांध्याच्या कडेला अडते. गाडी तिथे 'टक्' आवाज करत असेल तर ती तार एक पेपर-जाडी वर घ्या.

कोन आहे की नाही हे बघायला १५ सेंमीची सरळ स्टीलची पट्टी पुरते. ती एका रुळावर उभी ठेवून जोडावरून सावकाश सरकवा. माथ्यावर पट्टी डुलली किंवा पायथ्याशी मधोमध खाली फट दिसली, तर कोन आहे. मागे मोबाईलचा टॉर्च धरला की पाव मिलिमीटरची फटही दिसते.

उपाय म्हणजे चढ हळूहळू वाढवणं. एन स्केलला दर १० सेंमीला अर्धा टक्का हा चांगला हिशोब आहे. तीन टक्क्यांच्या घाटासाठी पहिल्या १० सेंमीत ०.५ मिमी चढ, पुढच्या १० सेंमीत १ मिमी, मग १.५, २, २.५, आणि त्यानंतर पूर्ण तीन टक्के. या पन्नास सेंटिमीटरमध्ये रूळ एकूण ७.५ मिमी वर जातो. तीन टक्क्यांनी थेट चढवला असता तर १५ मिमी गेला असता. हा तोटा पायथ्याशी एकदा आणि माथ्याशी एकदा असा दोनदा होतो. म्हणून ५० मिमी उंची गाठायला १६७ सेंमीऐवजी सुमारे २१७ सेंमी लांबी लागते. नकाशात हे जादाचे पन्नास सेंटिमीटर धरलेले नसतात, आणि मग माणूस कुठेतरी चढ साडेतीन-चार टक्क्यांवर नेतो. तयार फोमचे २, ३ आणि ४ टक्क्यांचे उताराचे तुकडे वापरत असाल तरी हाच नियम आहे: तीनचा तुकडा सपाटीला थेट जोडू नका, मध्ये दोनच्या तुकड्याचा थोडा भाग टाका आणि जोड घासून गोल करा.

प्लायवुडचा पाया असेल तर निसर्गच मदत करतो. सपाट भाग आणि चढ एकाच अखंड पट्टीतून कापा, चढाच्या बाजूला दोन समांतर काप देऊन पट्टी मोकळी करा आणि वर उचला. पहिला आधार कापाच्या मुळापासून निदान ४० सेंमी दूर द्या. मधली पट्टी आपोआप गुळगुळीत वाकते. पायथ्याशी दोन वेगळे तुकडे जोडणं टाळायचंच.

चढ आणि वळण एकाच जागी सुरू होऊ देऊ नका

डोंगरी लेआउटमध्ये जागा कमी असते, म्हणून स्टेशन संपताच वळण आणि तिथेच चढ, अशी आखणी होते. चाकाला तिथे एकाच वेळी वर आणि बाजूला जावं लागतं. आधी चढ सुरू करा, तो पूर्ण टक्क्यांवर येऊ द्या, त्यानंतर निदान २० सेंमी सरळ रूळ ठेवा आणि मगच वळण सुरू करा. एवढी जागा नसेल तर उलटा क्रम चालेल: वळण पूर्ण त्रिज्येवर आल्यानंतर चढ सुरू करा. दोन्हींची सुरुवात एकमेकांपासून दूर राहिली पाहिजे, हे महत्त्वाचं.

वळणाची सुरुवातही एकदम नको. सरळ रूळ थेट ३०० मिमी त्रिज्येत शिरला की लांब डब्याचं टोक झटक्याने बाहेर फेकलं जातं. मध्ये २०० मिमी लांबीचा संक्रमण वक्र (हळूहळू घट्ट होत जाणारं वळण) घाला. त्यासाठी वळण मूळ सरळ रेषेपासून सुमारे ५.५ मिमी आत सरकवावं लागतं. लांबीचा वर्ग भागिले चोवीस पट त्रिज्या, असं हे गणित आहे. कागदावर आखायला पातळ लवचीक लाकडी पट्टी घ्या. तिचं एक टोक सरळ रेषेवर आणि दुसरं वळणावर खिळ्यांनी धरा. मधला आकार पट्टी स्वतः देते, तोच पेन्सिलने उतरवा.

सेट ट्रॅक (ठरावीक त्रिज्येचे तयार तुकडे) वापरणाऱ्यांना संक्रमण वक्र करता येत नाही, पण जवळपास जाता येतं. काटो या जपानी कंपनीच्या २४९ मिमी त्रिज्येच्या वळणाच्या दोन्ही टोकांना ३४८ किंवा ३८१ त्रिज्येचा एकेक तुकडा लावला तरी धक्का बराच कमी होतो.

मोठ्या रेल्वेच्या आकड्यांवर विसंबून चढ ठरवण्याची चूकही सर्रास होते. स्वित्झर्लंडच्या १८८२ साली सुरू झालेल्या गोथार्ड मार्गावर चढ सुमारे २.७ टक्के आहे, मग आपणही तेवढा देऊ, असं वाटतं. पण तिथली घट्ट वळणंही सुमारे २८० ते ३०० मीटर त्रिज्येची आहेत. एन स्केलमध्ये ती १.७५ ते १.९ मीटर होतात. आपली वळणं ०.३ मीटरची, म्हणजे सहापट घट्ट. फ्लॅन्ज रुळाला घासून जो अवरोध निर्माण होतो तो इथे खूप मोठा असतो. म्हणून सरळ रुळावर तीन टक्के ठेवा, आणि घट्ट वळणात चढ अर्ध्या ते एका टक्क्याने उतरवा.

पीळ: नजरेला न दिसणारा दोष

एक रूळ दुसऱ्यापेक्षा वर-खाली असणं फारसं बिघडवत नाही. ती उंची थोड्या अंतरात बदलणं मात्र घातक असतं. त्यामुळे चार चाकांपैकी तीन टेकतात आणि चौथं तरंगतं. वळणाला झोक देताना (बाहेरचा रूळ किंचित उंच ठेवताना), पुलाच्या टोकाला आणि फोम-प्लायवुडच्या जोडावर हा पीळ हमखास सापडतो.

९ मिमी रुंदीत ०.२ मिमीचा फरक डोळ्याने ओळखता येत नाही. तो मोठा करून बघावा लागतो. एक सपाट, वजनदार डबा घ्या. त्याच्या एका बोगीच्या बरोबर वर, रुळाला काटकोनात, २० सेंमीची सरळ बांबूची काडी चिकटवा. दोन्ही बाजूंना ती दहा-दहा सेंमी बाहेर यायला हवी. आता डबा हाताने सावकाश ढकलत न्या आणि समोरून काडीची टोकं बघा. रुळांमध्ये ०.२ मिमी फरक पडला की एक टोक दोन मिलिमीटरहून थोडं जास्त खाली जातं आणि दुसरं तेवढंच वर. वळणात शिरताना काडी संथपणे कलली तर तो झोक आहे, त्याला हात लावू नका. ती मध्येच दचकली, एका बोटाच्या अंतरात खाली जाऊन परत वर आली, तर तिथे खूण करा. मास्किंग टेपवरच्या नोंदी आणि ही खूण बहुतेक वेळा एकाच जागी येतात.

झोक द्यायचाच असेल तर बाहेरच्या रुळाखाली अर्धा मिलिमीटर स्टायरीनची (प्लास्टिकची) पट्टी पुरे. दिसायला छान दिसतं, चालण्यासाठी गरज नाही. तो झोक शून्यावरून अर्ध्या मिलिमीटरवर न्यायला संक्रमण वक्राची पूर्ण लांबी वापरा. लांब मालगाड्या घट्ट वळणावरून ओढायच्या असतील तर झोक देऊच नका. आतल्या बाजूला पडण्याची शक्यता त्याने वाढते.

सांधे

वळणातला सांधा टोकदार होण्याचं कारण फ्लेक्स ट्रॅकची (हाताने वाकवता येणाऱ्या रुळाची) जोडणी. रूळ आधी वाकवून मग जोडले की दोन्ही टोकं सरळ होऊ बघतात आणि सांध्यावर कोपरा राहतो. दोन तुकडे सरळ ठेवूनच रेल जॉइनरसह (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) सोल्डर करा, गार होऊ द्या आणि मग एकसंध लांबी वाकवा. आतला रूळ टोकाला पुढे सरकतो, तो नंतर कापा. सांध्याजवळचे काढलेले स्लीपर घासून पातळ करून परत सरकवा, नाहीतर जॉइनर तिथे रूळ उचलून धरतो. सोल्डरचा थेंब रुळाच्या आतल्या अंगाला राहिला तर बारीक कानशीने काढा. बोटाचं नख आतल्या कडेवरून फिरवलं की अडतंय का ते कळतं.

सगळे सांधे मात्र सोल्डर करू नका. निकेल-सिल्व्हरचा तीन मीटर रूळ २० अंश सेल्सिअसच्या फरकाने जवळपास एक मिलिमीटर लांब होतो. सरळ भागात दोन-तीन ठिकाणी अर्धा मिलिमीटर फट ठेवून सांधा न डाखता सोडा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या फीडर तारा (रुळाला वीज देणाऱ्या) द्या.

दुरुस्त केलेला रूळ परत का बिघडतो

डोंगराचं काम ओलं असतं. प्लास्टरच्या पट्ट्या, कागदाचा लगदा, खडीवर टाकलेलं पातळ फेव्हिकॉल, हे सगळं पाणी कुठेतरी जातं, आणि ते रुळाखालच्या लाकडात जातं. उघड्या कडांचं ६ मिमी प्लायवुड एका बाजूने भिजलं की वाकतं. सुकताना ते पूर्ववत होतंच असं नाही. म्हणून नुसत्या पायावर महिनाभर उत्तम चाललेली गाडी डोंगर उभा राहिल्यावर अडखळायला लागते आणि दोष इंजिनावर जातो.

यावरचा बंदोबस्त बांधणीतच करायचा:

- रुळाखाली ९ ते १२ मिमी प्लायवुड वापरा. ६ मिमी वापरायचं असेल तर दर २० सेंमीला आधार द्या. १२ मिमीला दर ३० सेंमीला पुरतो.
- कॉर्क (रुळाखालचा मऊ थर) चिकटवण्याआधी प्लायवुडच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, ऑइलपेंटचे किंवा व्हार्निशचे दोन हात द्या.
- डोंगराचा सांगाडा रुळाच्या पायाला टेकवू नका. तो खालच्या चौकटीवर स्वतंत्र उभा करा. प्लास्टर आकुंचन पावताना पायाला ओढतं, आणि तिथे पीळ तयार होतो.
- एक्स्ट्रूडेड फोमच्या दोन थरांमध्ये पांढरा डिंक जाड लावू नका. हवा न मिळाल्याने तो आत आठवडे ओला राहतो आणि वरचा थर सरकतो. पातळ हात, वर वजन, आणि फोमला चालणारा चिकट पदार्थ. रबर सोल्युशनसारखे सॉल्व्हंटवाले पदार्थ फोम खातात.
- प्लास्टर पूर्ण सुकल्यावर, खडी टाकण्याआधी, काडीची चाचणी पुन्हा करा. ही पायरी वगळू नका. खडी चिकटल्यावर तोच दोष काढायला दहापट वेळ लागतो.

खडीबद्दल: रुळाच्या आतल्या अंगाला, स्लीपरच्या वर एकही खडा राहता कामा नये. कोड ५५ रूळ फक्त १.४ मिमी उंच असतो. कोड ८० दोन मिमीच्या थोडा वर. जुन्या खोल फ्लॅन्जची चाकं कोड ५५ वर खड्यांवरून उड्या मारत जातात, आणि काही उत्पादकांच्या रुळावर तर खिळ्यांच्या नक्षीवरही आपटतात. अशा डब्यांची चाकं बदलणं हाच उपाय.

तयार लेआउटवर दोष काढताना

1. खुणेच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी खडीवर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब यांचं मिश्रण ड्रॉपरने सोडा. भिजेल एवढंच, वाहील एवढं नको.
2. वीस मिनिटांनी खडी ब्रशने खरवडून काढा.
3. पातळ पॅलेट नाइफ स्लीपर आणि कॉर्कच्या मधून सरकवा. सुरी सपाट ठेवा, टोक वर आलं तर स्लीपर तुटतात.
4. ०.२५ आणि ०.५ मिमी स्टायरीनच्या १० मिमी रुंद पट्ट्या कापून खालच्या जागी सरकवा. एकच जाड पट्टी न टाकता पायऱ्यापायऱ्यांनी: कडेला ०.२५, मध्ये ०.५, परत ०.२५.
5. काडीचा डबा फिरवा. समाधान झालं की पट्ट्यांच्या कडांना पातळ डिंक सोडा, रुळावर सरळ जड पट्टी ठेवा आणि रात्रभर सुकू द्या.
6. एक उंचवटा असेल तर पट्ट्या टाकण्यापेक्षा तिथला कॉर्क सॅंडपेपरच्या ठोकळ्याने घासणं बरं.

पायथ्याच्या कोनामुळे पट्टीखाली दिसणारी फट २ मिमीपेक्षा मोठी असेल तर पट्ट्यांनी भागत नाही. खालून आधार सोडवून पाया उचलावा किंवा उतरवावा लागतो. लाकडी आधार स्क्रूने बसवलेले असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. खिळे आणि डिंकाने बसवलेले असतील तर तोडावे लागतात. नव्याने बांधणाऱ्यांनी आधार स्क्रूनेच लावावेत.

इंजिन जागीच चाकं फिरवतं

इथे आधी गणित करा. इंजिन ८० ग्रॅमचं आहे आणि वजनाच्या २० टक्के ओढ देतं असं धरू, म्हणजे १६ ग्रॅम. डबा ३० ग्रॅमचा आणि सपाटीवर त्याचा अवरोध वजनाच्या २ टक्के, म्हणजे ०.६ ग्रॅम. सपाट सरळ रुळावर हे इंजिन २६ डबे ओढेल. तीन टक्क्यांच्या चढावर इंजिनाचं स्वतःचंच २.४ ग्रॅम ओझं होतं आणि प्रत्येक डबा १.५ ग्रॅम मागतो. उरले नऊ डबे, तेही सरळ रुळावर. वळण आलं की सहा-सात. सपाटीवर वीस डबे सहज ओढणारं इंजिन घाटात आठ डब्यांना थकतं, यात बिघाड काहीच नसतो.

गोल चक्राकार घाटात (हेलिक्स) चढ त्रिज्येवरून ठरतो. फेरीमागे ५० मिमी उंची धरली तर:

- २४९ मिमी त्रिज्या: फेरी १५६ सेंमी, चढ ३.२ टक्के
- २८२ मिमी: १७७ सेंमी, २.८ टक्के
- ३१५ मिमी: १९८ सेंमी, २.५ टक्के
- ३४८ मिमी: २१९ सेंमी, २.३ टक्के

हे ५० मिमी एका रुळाच्या माथ्यापासून दुसऱ्या रुळाच्या माथ्यापर्यंत, म्हणजे मधला पाया आणि कॉर्क त्यातच आले. १२ मिमी प्लायवुड वापरलं तर उरलेली उंची सर्वांत उंच डब्यालाही पुरते का, ते आधी मोजा. हेलिक्समध्ये म्हणूनच आधार जवळ जवळ देऊन ६ मिमी प्लायवुड वापरतात.

गणितात बसणारी गाडीही चढत नसेल तर रूळ आणि चाकं बघा. विजेचा संपर्क सुधारण्यासाठी रुळावर ग्राफाइटची कांडी किंवा तेलाचा हात फिरवण्याची पद्धत आहे. सपाटीवर हरकत नाही. घाटात त्याने चाकं घसरतात. चढाचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरड्या कापडावर काळं येणं थांबेपर्यंत पुसा. इंजिनाचे रबरी टायर त्याच अल्कोहोलने हलकेच पुसा. टायर चकचकीत, कडक किंवा सैल झाला असेल तर बदला. टायर थोडा वर आलेला असेल तर ते इंजिन घाटात डुलतं आणि उतरतंही, दोष मात्र रुळाला जातो. वजन वाढवायला टंगस्टनची पुट्टी चांगली, थोड्या जागेत जास्त भरते. ती दोन्ही बोगींच्या मध्ये समतोल बसवा आणि मोटर तापते का ते पाच मिनिटं चालवून बघा.

डबे जड चालतात का हे कळायला एक मीटर सरळ रूळ फळीवर लावा, एक टोक २ सेंमी उचला आणि डबा हलक्या धक्क्याने सोडा. जो लगेच थांबतो त्याच्या आसाची टोकं आणि बोगीची भोकं साफ करा. केस अडकलेले असतात. तेल घालू नका.

चढता चढता मंदावणं

चाकं फिरत नाहीत, इंजिनच हळू होत जातं, तर वीज कमी पडते आहे. मल्टीमीटर चढाच्या वरच्या टोकाला रुळांवर लावा आणि पूर्ण गाडी चढत असताना आकडा बघा. पुरवठ्याच्या जागेपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर नुसत्या रेल जॉइनरवर विसंबून चालणार नाही. लेआउटखालून १.५ चौरस मिमीच्या दोन मुख्य तारा न्या आणि दर मीटर-दीड मीटरला रुळाच्या बाहेरच्या अंगाला बारीक फीडर डाखा. डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर घाटाच्या सर्वांत लांबच्या टोकाला नाणं आडवं ठेवा. बूस्टरने (रुळाला वीज पुरवणाऱ्या यंत्राने) लगेच पुरवठा तोडला पाहिजे. नाही तोडला तर तारा अपुऱ्या आहेत, आणि खरंच गाडी उतरली त्या दिवशी बोगीचं प्लास्टिक वितळेल.

बोगद्यातला दोष

बोगद्यात पॉइंट नको, शक्यतो सांधाही नको. डोंगराचा निदान एक भाग उचलता यावा, किंवा मागून-खालून दोन्ही हात जातील एवढी खिडकी असावी. रुळाच्या दोन्ही कडांना २० मिमी उंच पट्टी लावा म्हणजे उतरलेला डबा खाली जमिनीवर जात नाही.

डबा बोगद्याच्या तोंडाशीच उतरत असेल तर तो भिंतीला घासतो आहे का बघा. १६० मिमी लांबीचा, बोगींमध्ये ११२ मिमी अंतर असलेला प्रवासी डबा २८२ त्रिज्येच्या वळणावर मध्यभागी सुमारे ५.६ मिमी आत येतो आणि टोकांना जवळपास ६ मिमी बाहेर जातो. सरळ रुळाच्या हिशोबाने कापलेलं तोंड इथे अपुरं पडतं. डब्याच्या टोकाला आणि मध्यावर पेन्सिल टेपने बांधून डबा हाताने फिरवा, पायावर दोन रेषा उमटतात. त्यांच्या बाहेर आणखी ३ मिमी सोडून भिंत उभी करा.

सगळं झाल्यावर अंतिम चाचणी मागे ढकलून घ्या. इंजिन खाली, डबे वर, गाडी पूर्ण घाटभर सर्वांत कमी वेगाने ढकलत न्या. त्यात सर्वांत हलका आणि सर्वांत लांब हे दोन डबे शेजारी शेजारी जोडा. ओढताना लपणारे दोष ढकलताना बाहेर येतात. वर-खाली दहा फेऱ्या अशा निघाल्या की खडी टाका, डोंगराचं झाकण बसवा.